जाईबाई चौधरी : शाळा, परिषद आणि पंगत

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या संस्थांचा इतिहास बहुतांशी पुणे आणि मुंबई येथे उभे राहून लिहिला गेला आहे. 1882 मधील आर्य महिला समाज, 1896 मधील अनाथ बालिकाश्रम, 1909 मधील पुण्याचे सेवासदन अशी त्याची ठरलेली पायवाट आहे. संस्था कोणी काढली, देणगी कोणी दिली, पहिल्या वर्षी किती मुली आल्या, हे तपशील त्या इतिहासात भरपूर सापडतात. आलेली स्त्री संस्थेत टिकली की नाही, आणि टिकली नसेल तर ती कोणत्या दाराने बाहेर पडली, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांचे चरित्र या प्रश्नाच्या अनुरोधाने वाचण्यासारखे आहे. आयुष्यात दोन वेळा त्यांना दुसऱ्यांच्या संस्थेत बोलावले गेले आणि दोन्ही वेळा त्यांची जात निघाल्यावर त्या संस्थेने आपला हात आखडता घेतला. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात त्यांनी स्वतःची एक शाळा काढली.

जाईबाईंचा जन्म 2 मे 1892 रोजी नागपूर जिल्ह्यातील उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. उमरेड हे विणकरांचे गाव; तेथील रेशीमकाठी धोतरे त्या काळी नावाजलेली होती. नागपूरच्या मुलखात महारांकडेही विणकाम असे. ते जाडेभरडे कापड विणीत आणि खेड्यातला शेतकरी तेच अंगावर घाली. गिरणीचे कापड बाजारात आल्यावर हा धंदा खालावत गेला होता. 1896 च्या अवर्षणाने उरलासुरला आधारही गेला. मध्यप्रांतात त्या वर्षापासून शतक संपेपर्यंत दोन मोठे दुष्काळ पडले. अशा वेळी गाव सोडून शहराकडे निघालेल्या असंख्य कुटुंबांपैकी जाईबाईंचे एक होते. नागपुरात आल्या तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या.

नागपुरात 1877 पासून एम्प्रेस मिल चालू होती. पिढीजात विणकामाची सवय असलेल्या महारांना तेथे काम मिळाले, आणि रोख मजुरी मिळविणारा, बलुत्याच्या दोरीतून सुटलेला असा एक लहानसा वर्ग या शहरात तयार झाला. विदर्भातील अस्पृश्यांची चळवळ, तिची वृत्तपत्रे, तिचे जलसे आणि भजनी मंडळे यांच्या पाठीशी गिरणीचा भोंगा आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनीही विसरू नये. मात्र भोंग्याची हाक सगळ्यांच्या घरी पोचली नाही. जाईबाईंच्या घरी दारिद्र्य कायम होते.

थोडेफार शिक्षण त्यांना नागपुरात मिळाले. 1901 साली, नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीने शिक्षणाला आडकाठी केली नाही, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हे. परंतु शिकलेल्या अक्षरांनी चूल पेटत नव्हती. जाईबाईंनी हमालीचे काम धरले. डोक्यावर ओझे घेऊन नागपूर ते कामठी अशी त्यांची ये-जा असे. कामठी ही लष्करी छावणीची वसाहत. तेथे माल जाई, सामानसुमान जाई, आणि वाहणारी डोकी नागपुरातल्या वस्त्यांतून मिळत. लिहितावाचता येणारी एक तरुण स्त्री त्या डोक्यांमध्ये एक होती.

या काळात ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंची व त्यांची गाठ पडली. ओझे वाहणारी ही स्त्री शिकलेली आहे हे पाहून ग्रेगरीबाईंनी त्यांना एका शाळेत शिक्षिकेची जागा मिळवून दिली. पगार दरमहा चार रुपये. नोकरी फार दिवस टिकली नाही. शिकवणारी बाई महार आहे हे कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला, आणि मुले जातील की बाई जाईल असा प्रश्न उभा राहिल्यावर बाई गेली. जाईबाई पुन्हा डोक्यावर ओझे घेऊ लागल्या.

या प्रसंगाकडे केवळ अन्यायाची एक हकीकत म्हणून पाहिले तर त्यातील महत्त्वाची गोष्ट हातून निसटते. शाळेला जाईबाई नको होत्या असे म्हणता येत नाही; शाळेनेच त्यांना घेतले होते. शिकवण्यात उणीव काढली गेली अशीही तक्रार नव्हती. संस्थेची इच्छा चांगली होती, पण ती इच्छा पहिल्या दडपणाखाली किती वेळ उभी राहते याची कसोटी तिने कधी घेतली नव्हती. सद्भावनेने प्रवेश देणे आणि प्रवेश दिलेल्या माणसाच्या बाजूने उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी काढलेल्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग मुलीने 1855 साली ज्ञानोदयात छापलेल्या आपल्या निबंधात धर्मालाच जाब विचारला होता. त्यानंतर अर्धे शतक लोटले होते. विद्यार्थिनी म्हणून अस्पृश्य मुलगी कोठे कोठे खपू लागली होती. शिक्षिका म्हणून, म्हणजे सवर्ण मुलांवर अधिकार चालविणारी व्यक्ती म्हणून, ती अद्याप खपत नव्हती.

1922 साली जाईबाईंनी नागपुरात संत चोखामेळा मुलींची शाळा सुरू केली. चोखोबांचे नाव देण्यात त्या काळच्या नागपुरी चळवळीची मनोभूमिका स्पष्ट दिसते. किसन फागुजी बनसोडे (1879-1946) यांनी आपल्या वृत्तपत्रांतून व शैक्षणिक कार्यातून ज्या परंपरेचा अभिमान जागविला, ती ही वारकरी परंपरा होय. पुढे डॉ. आंबेडकरांच्या विचाराने भारलेल्या पिढीला चोखोबांचे दैन्य सोसवेना, आणि ते त्यांच्यापासून दूर गेले. दोन्ही भूमिकांना आपापला आधार आहे. इतके मात्र खरे की चोखोबांची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारासमोर आहे, आत नाही. भक्तांच्या मेळ्यात ज्याला स्थान आहे आणि देवळात नाही, अशा संताचे नाव हमालीतून परत आलेल्या शिक्षिकेने आपल्या शाळेला द्यावे, यात श्रद्धा आणि अनुभव दोन्ही एकवटले असावेत. चोखोबांच्या घरातील सोयराबाई आणि निर्मळा या दोघीही अभंगकर्त्या होत्या, हेही मुलींच्या शाळेच्या संदर्भात आठवते.

कष्टकरी वस्तीत मुलींची शाळा काढणे अवघड, पण त्याहून अवघड मुलगी शाळेत राहणे. तिच्या जाण्याची कारणे ठरलेली असतात. आई कामाला गेली की धाकटे भावंड तिच्या कडेवर येते. नळावरचे पाणी तिला भरावे लागते. नागपूर, कामठी, भंडारा या पट्ट्यात विडीचा धंदा मोठा, आणि विड्या वळायला लहान बोटे चालतात. घरात चार पैसे येतात. त्यातून सुटली तर दहाव्या-बाराव्या वर्षी लग्न. ही कारणे जाईबाईंना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, कारण ती त्यांच्या आयुष्यातील कारणे होती: दुष्काळ, नवव्या वर्षीचे लग्न, डोक्यावरचे ओझे. वस्तीतल्या आईबापांना आपली मुलगी परक्या घरी पाठवल्यासारखे वाटू नये, एवढी एक गोष्ट त्या शाळेजवळ उपजतच होती. आणखी एक कारण, ज्याने जाईबाईंचा पहिला वर्ग संपला, ते या शाळेत उद्भवूच शकत नव्हते. बाई कोणत्या जातीची, हे विचारायला तेथे कोणी येणार नव्हते.

शाळेबरोबर सभा आल्या. 1920 नंतरच्या नागपुरात अस्पृश्य स्त्रियांचे सार्वजनिक जीवन झपाट्याने आकार घेत होते. किसन फागुजींच्या पत्नी तुळसाबाई बनसोडे या कार्यात सहभागी होत्या. गिरणीत काम करणाऱ्या राधाबाई कांबळे मजुरांच्या चळवळीत पुढे आल्या आणि मजुरांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. 1927 च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून स्वतंत्र भाषण केले होते. त्याचे पडसाद विदर्भातही उमटले. 8 ऑगस्ट 1930 रोजी नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. तिच्या जोडीने स्त्रियांची परिषद झाली आणि तीत जाईबाईंनी मुलींच्या शिक्षणाचा मुद्दा आग्रहाने मांडला. मुलींच्या शिक्षणाविषयी त्या काळी पुष्कळ पुरुष पुष्कळ बोलत. जाईबाईंच्या बोलण्याला आठ वर्षे चालविलेल्या शाळेचे वजन होते.

दुसरा प्रसंग याच शहरातला. तो समजण्यासाठी काही वर्षे मागे आणि पुष्कळ दक्षिणेकडे जावे लागते. 1917 साली मद्रासच्या अड्यार येथे मार्गारेट कझिन्स, डोरोथी जिनराजदास, ॲनी बेझंट प्रभृतींनी विमेन्स इंडियन असोसिएशन स्थापन केली. याच कझिन्सबाईंच्या आवाहनातून पुढे अखिल भारतीय महिला परिषद उभी राहिली. तिचे पहिले अधिवेशन जानेवारी 1927 मध्ये पुण्यात, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखाली भरले. बालविवाहबंदी, मुलींचे शिक्षण, वारसा व घटस्फोटाचा कायदा, मतदानाचा हक्क अशा प्रश्नांवर या परिषदेने केलेले काम मोठे आहे, आणि तिच्याविषयी लिहिताना ते आधी नोंदवले पाहिजे. परंतु तिची बैठक राजघराण्यांतील, अधिकाऱ्यांच्या व सुशिक्षित घरांतील स्त्रियांची होती. कामकाज बहुतांशी इंग्रजीत चाले. मद्रास शहराच्या दक्षिणेस अड्यार नदीकाठी थिऑसॉफिकल सोसायटीचे वटवृक्षाच्या छायेतले विस्तीर्ण आवार आहे. त्याच शहराच्या उत्तरेस, किनाऱ्याने वर गेले की एन्नोरची खाडी, मिठागरे आणि कोळ्यांची गावे लागतात. अड्यारपासून एन्नोरपर्यंतचे अंतर काही कोसांचे, पण आवारात ठराव लिहिणारी आणि मिठागरात पाय घालून उभी असलेली बाई यांच्यामध्ये ते काही कोसांचे राहत नाही. परिषदेच्या प्रत्येक शाखेला, मग ती मद्रासची असो वा नागपूरची, हे अंतर कापायचे होते.

1937 च्या डिसेंबरअखेरीस परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. राजकुमारी अमृत कौर अध्यक्ष होत्या. अस्पृश्यतानिवारण हा तोपर्यंत राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झालेला होता. गांधीजींचा हरिजन दौरा 1933-34 मध्ये होऊन गेला होता. अधिवेशनास दलित स्त्रियाही आल्या, त्यांत जाईबाई होत्या. जेवणाच्या वेळी त्यांना इतरांच्या पंगतीत बसू दिले गेले नाही. अपमान करून वेगळे काढण्यात आले. तेव्हा जाईबाई पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. पंधरा वर्षे त्या शाळा चालवीत होत्या, शहरातल्या सभांत बोलत होत्या. चार रुपयांच्या नोकरीतून त्यांना काढताना सवर्ण पालकांचे निमित्त तरी होते. येथे निमित्तही नव्हते. पंगत परिषदेची स्वतःची होती.

मराठी समाजात पंगतीला जो अर्थ आहे तो सभासदत्वाच्या पावतीला नाही. कोण कोणाशेजारी जेवतो यावर येथे जात ठरते, सोयरीक ठरते, बहिष्कार ठरतो. सकाळी सभामंडपात समतेचा ठराव झाला तरी तो दुपारी पानावर उतरतो की नाही, हे आलेली बाई पाहते आणि त्यावर पुन्हा यायचे की नाही हे ठरवते. ज्यांनी पाने वेगळी मांडली त्यांनी कदाचित कोणालाही परिषदेतून काढण्याचा विचार केला नसेल. तरीही त्या दुपारी परिषदेने काय गमावले, याचा हिशेब त्यांच्या अहवालांतून लागणार नाही.

तौलनिक अभ्यास करणाऱ्यास येथे अमेरिकेतील एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. जोतीरावांनी 1873 मध्ये गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, तेव्हापासून हा दुवा मराठीत आहे. 1900 साली मिल्वॉकी येथे तेथील महिला मंडळांच्या महासंघाचे अधिवेशन भरले. बोस्टनच्या जोसेफिन सेंट पिएर रफिन या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या आपल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळाच्या प्रतिनिधी म्हणून तेथे गेल्या. गोऱ्या स्त्रियांच्या ज्या संस्थेच्या त्या सदस्य होत्या, तिच्या वतीने बसायला मुभा. स्वतःच्या मंडळाच्या वतीने नाही, असा निर्णय त्यांना सांगण्यात आला. रफिनबाईंनी तो मानला नाही. एकटी, वेगळी, आपल्या माणसांपासून तोडलेली अशी स्त्री स्वीकारायला संस्था तयार होती. तिच्या मागे उभ्या असलेल्या स्त्रियांसह ती नको होती. कृष्णवर्णीय स्त्रियांनी त्याच्या चार वर्षे आधी, 1896 मध्ये, वॉशिंग्टन येथे आपला स्वतंत्र राष्ट्रीय संघ स्थापन केलेला होता. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यांच्याजवळ परत जाण्यासाठी घर होते.

नागपुरातही ते होते. 1 जानेवारी 1938 रोजी, अधिवेशन उठून काही तास झाले न झाले तोच, दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली. एका दिवसात सभा उभी राहते ती त्या दिवसाच्या संतापाने नव्हे. शाळेच्या निमित्ताने एकमेकींच्या घरी जाणे-येणे असलेल्या, 1930 च्या परिषदेत एकत्र बसलेल्या बायकांचे जाळे तेथे आधीपासून विणलेले होते. महिला परिषदेत पुन्हा मानाने बसवून घेण्यासाठी खटपट करण्यापेक्षा आपली परिषद वाढवावी, अशी दिशा त्या सभेनंतर विदर्भातल्या स्त्रियांच्या कार्याला मिळाली. एकोपा मोडला अशी टीका अशा वेळी होतेच. एकोपा कोणी मोडला, हे पंगत पाहिलेल्यांना ठाऊक होते.

पुढच्या साडेचार वर्षांत जे घडले ते आकड्यांतच सांगितलेले बरे. जुलै 1942 मध्ये नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद झाली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना याच वेळची. 20 जुलै रोजी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांची परिषद भरली आणि तिला वीस ते पंचवीस हजार स्त्रिया आल्या. ठराव वाचले म्हणजे त्या का आल्या ते कळते. पत्नीला घटस्फोटाचा हक्क असावा, बहुपत्नीत्व कायद्याने बंद व्हावे, हे ठराव अन्य परिषदांतही सापडतील. पण गिरण्या, विडीचे कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथील कामकरी स्त्रियांना वर्षाला 21 दिवसांची किरकोळ व एक महिन्याची हक्काची रजा मिळावी, इजा झाल्यास भरपाई मिळावी, वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा किमान 15 रुपये निवृत्तिवेतन मिळावे, गिरणीतील स्त्रियांवर देखरेखीस स्त्रियाच नेमाव्यात, प्रत्येक प्रांतात निदान पन्नास मुलींसाठी सरकारी वसतिगृह असावे, ही भाषा त्या गर्दीच्या हातांची भाषा आहे. चार रुपयांची नोकरी आणि कामठीची वाट या ठरावांच्या पोटात आहे.

येथून हा धागा पुन्हा मद्रासकडे जातो, या वेळी अड्यारला वळसा घालून. सप्टेंबर 1944 मध्ये डॉ. आंबेडकर मद्रासच्या दौऱ्यावर असताना तेथे फेडरेशनची महिला परिषद झाली. तिच्या अग्रभागी मीनांबाळ शिवराज (1904-1992) होत्या. रंगूनमध्ये जन्मलेल्या, तमिळ आदिद्रविड कुटुंबातील या विदुषी 6 मे 1945 रोजी मुंबईत भरलेल्या महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. गिरणगावातल्या मराठी बायकांनी एका तमिळ स्त्रीला अध्यक्षस्थानी पाहिले. भाषेचे अंतर येथेही होते, किंबहुना इंग्रजीत चालणाऱ्या परिषदेपेक्षा ते अधिक ठळक होते. त्यापायी कोणी वेगळ्या पंगतीला बसले नाही.

तथापि फेडरेशनच्या बाबतीत सगळे साधले असे मानणे भाबडेपणाचे होईल. सभेला स्त्रिया हजारोंनी येत, कार्यकारिणीत त्यांची नावे विरळ असत. 1956 मध्ये नागपुरातच झालेल्या धर्मांतरानंतर आणि 1957 मध्ये रिपब्लिकन पक्ष निघाल्यानंतर 1942 च्या त्या महिला परिषदेसारखी स्वतंत्र व्यवस्था पुन्हा त्या बळाने उभी राहिली नाही. 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात मुलांना कडेवर घेऊन बायका तुरुंगात गेल्या. तुरुंगातून परतल्यावर त्या बहुतेक घरातच परतल्या. ज्या कारणासाठी जाईबाईंना शाळा काढावी लागली ते कारण आपल्या माणसांत नसते, पण दुसरी कारणे असतात, आणि ती पुरुषांना दिसत नाहीत.

जाईबाई व त्यांच्या सहकारी स्त्रियांची नावे मराठी वाचकांपुढे सलगपणे आली ती 1989 मध्ये, ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या आम्हीही इतिहास घडवला या ग्रंथातून. गावोगाव फिरून, वृद्ध कार्यकर्त्यांना भेटून त्यांनी ही माहिती गोळा केली. त्याच दशकात दलित स्त्रियांची आत्मकथने प्रसिद्ध होत होती: मुक्ता सर्वगोड, शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे. शांताबाई कांबळे स्वतः शिक्षिका होत्या. नागपूरच्या कुमुद पावडे यांचे अंतःस्फोट 1981 चे. संस्कृतमध्ये एम. ए. होऊनही शिकवण्याच्या जागेसाठी दारोदार कसे फिरावे लागले, हे त्यांनी त्यात लिहिले आहे. मुलाखतीत त्यांच्या ज्ञानाविषयी शंका नव्हती. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले, आणि मग ती जागा मिळाली.